न बसवलेली युनियन

सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात मी गेली सव्वीस वर्षं मेंटेनन्सचा फिटर आहे. फळांचा गर काढून डब्यात भरायचा कारखाना. यंत्रं कमी आणि पाइप जास्त. पाण्याचे, वाफेचे, गराचे. पाइप गळला की माणसं मला हाक मारतात. या कामात मला बऱ्यापैकी मान आहे. पुढं जे लिहिणार आहे ते वाचल्यावर तो किती खरा ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आधी युनियन म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं तिच्यावरून झालं.

लोखंडी पाइपाच्या टोकांना आटे असतात. एक पाइप दुसऱ्यात फिरवत आवळत न्यायचा, की लाइन तयार होते. जोडताना हे सोपं असतं. पण दोन्ही टोकं अडकलेल्या लाइनीतला मधला एखादा तुकडा काढायचा म्हटलं तर? तो फिरवला की एका टोकाला सैल होतो आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला आवळतो. म्हणजे तो निघतच नाही. मग एक तर शेवटापासून सगळी लाइन सोडत यायचं, नाही तर पाइप कापायचा. हे टाळायला युनियन लावतात. तिचे तीन भाग असतात. दोन अर्धुकं, ती समोरासमोरच्या दोन पाइपांना बसतात, आणि वरून एक मोठा नट, तो दोघांना एकत्र धरतो. नट सोडला की पाइप न फिरवता लाइन उघडते. ज्या कॉकजवळ युनियन नाही तो कॉक बदलताना माणूस ज्यानं लाइन टाकली त्याच्या नावानं बोटं मोडतो. मीही कित्येकदा मोडली आहेत.

युनियनची अजून एक गोष्ट आहे. तिच्या दोन अर्धुकांची तोंडं एकमेकांवर बेतलेली असतात. एका युनियनचं अर्धुक दुसरीला चालत नाही. दिसायला सारखं दिसतं, आटे जुळतात, नटही बसतो, पण पाणी सोडलं की ते पाझरतंच. म्हणून आमच्याकडं उघडलेली युनियन लगेच सुतळीनं बांधून ठेवायची पद्धत आहे. सुटं अर्धुक पेटीत कुणी टाकलं तर मी त्याला चारचौघांत बोलतो.

माझा मोठा भाऊ, दादा, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. सैन्यात होता, गाड्यांच्या वर्कशॉपात. मला साताऱ्याच्या आयटीआयला प्रवेश मिळाला तेव्हा तो कुठं तरी सरहद्दीकडं होता आणि वैनी लहान मुलीला घेऊन पोवई नाक्याजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या. त्या दोन खोल्यांत मी दोन वर्षं राहिलो. आयटीआयच्या वर्कशॉपातून येताना माझे हात ग्रीसनं काळे असायचे. वैनी दारातच थांबवायच्या आणि राख आणि लिंबाची फोड पुढं करायच्या. “असल्या हातानं भाकरी मोडली तर भाकरी बी गंजंल, भावजी.” मी हात घासत असताना त्या तांब्यानं पाणी घालायच्या. माझी आई गावाकडं होती, चांगली होती; पण सोळा ते अठरा या वयात मला जे आईपण लागलं ते वैनींनी दिलं.

दादा हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि त्यानं गोडोलीच्या बाजूला घर बांधायला काढलं. तीन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी. वैनींचं सगळं आयुष्य क्वार्टरमध्ये नाही तर भाड्याच्या खोलीत गेलेलं. या घरात पहिल्यांदा काही तरी त्या स्वतः पसंत करणार होत्या. त्यांनी बाथरूमच्या टाइल्स निवडल्या. फिकट निळ्या, त्यांवर मोगऱ्यासारखी बारीक पांढरी फुलं. दुकानात तीन वेळा जाऊन त्यांनी त्या ठरवल्या होत्या. दादा मला फोनवर हसत म्हणाला होता, “माझ्याशी लगीन करताना एवढा इचार केला न्हवता तिनं.”

पाण्याची लाइन मीच टाकायची, हे आधीपासून ठरलेलं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी ते काम करायचं होतं. सांगलीहून निघताना मी पिशवीत सामान भरलं. कारखान्यात उरलेल्या, मोडीत काढलेल्या मालाच्या पेटीतून विचारून घेतलेले तुकडे होते, त्यांत युनियनही होती. तिची दोन अर्धुकं पेटीत सुटी पडलेली. मी ती उचलली, नट फिरवून पाहिला, आणि पिशवीत टाकली. तोंडाला तोंड लावून पाहिलं नाही. ज्या गोष्टीवरून मी इतरांना बोलायचो तीच मी स्वतः केली.

गच्चीवरच्या टाकीतून लाइन खाली येणार, बाथरूमच्या भिंतीशी एक मुख्य कॉक, तिथून पुढं स्वयंपाकघर. दादा सकाळी माझ्याजवळ उकिडवा बसून बघत होता.

“युनियन टाकतोयस न्हवं रं?”

“टाकतोय की.”

“भिंतीभाईर ठेव. आमच्या वर्कशॉपात सायब म्हणायचा, उगडायचं कसं ते आदी ठरवा, मग आवळा.”

“दादा, तू गाड्यांचा मिस्त्री. पाण्यात नको पडूस.”

“बरं गड्या, तू फिटर,” असं म्हणून तो हसला आणि पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेला.

दुपारी मी पाणी सोडून पाहिलं. युनियन पाझरली. अजून आवळली, तर अजून पाझरली. उघडून पाहिलं तेव्हा दिसलं, एका अर्धुकाच्या तोंडात पितळेची कडी होती, दुसरं साधं. दोन वेगळ्या कंपन्यांची होती ती. हार्डवेअरचं दुकान दादाच्या स्कूटरवर जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर होतं. दादा येईपर्यंत थांबायचं, नवी युनियन आणायची, एवढंच काम होतं.

पण गवंडी घमेल्यात माल कालवून बसला होता. “फिटरसायब, माल सुकतोय,” तो दोनदा म्हणाला. आणि सकाळपासून वैनी त्याला सांगत होत्या, “आमचे भावजी कुपवाडला मोठ्या कारखान्यात हायत. त्यांच्या हातची लाइन गळत न्हाई.” त्या गवंड्यासमोर आणि वैनींसमोर, मी जोडी न बघता माल आणला, असं म्हणणं माझ्यानं झालं नाही.

मी युनियन काढून टाकली. टाकीकडून सुरुवात करून एकेक तुकडा सरळ आवळत स्वयंपाकघरापर्यंत नेला, कॉक भिंतीत बसवला आणि गवंड्याला म्हटलं, लाव टाइल्स. लाइन एक थेंब गळली नाही. दादा आला तेव्हा भिंत निळी झाली होती.

“युनियन?”

“लागत न्हाई दादा. उलट गळायची एक जागा वाढती.”

“आन कॉक गेला तर?”

“न्हाई जात.”

त्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग पाहुण्यांना पाणी द्यायला आत गेला.

चार वर्षांनी ती भिंत ओली झाली. कॉक आतून गळत होता. वैनींचा फोन आला आणि मी रविवार बघून साताऱ्याला गेलो. टाइल्स फोडण्याशिवाय इलाज नव्हता. एक, दोन, तीन करत आठ टाइल्स गेल्या. वैनी पदर तोंडाला लावून मागं उभ्या होत्या, दादा पाणी झेलायला बादली घेऊन दारात. तशा टाइल्स आता मिळत नाहीत हे वैनींनी आधीच दुकानात विचारून ठेवलं होतं.

“भावजी, तुमच्या कारखान्यात बी असंच भित फोडत्यात व्हय, कॉक बदलायला?”

“न्हाई. तितं युनियन असती.”

“मग हितं का न्हाई?”

मी छिन्नी धरून खाली वाकलेलो होतो. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं. मी म्हणालो, “दादालाच नको हुती. भिंतीभाईर बरी दिसत न्हाई म्हणून.”

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. पण बोललो. आणि ते मागं घ्यायला वेळ होता. दादा दारात उभा होता, मी त्याच्याकडं पाहिलं नाही. एक क्षणभर कुणीच बोललं नाही. मग दादा म्हणाला, “व्हय. मीच म्हटलं हुतं.”

“बरी दिसत न्हाई!” वैनी उसळल्या. “आता लय बरं दिसतंय का हे? जन्मात एक गोष्ट माज्या आवडीची आणली, ती बी तुमाला जपता आली न्हाई.”

“चुकलं,” दादा म्हणाला.

त्या दिवशीही मी युनियन बसवली नाही. युनियन भिंतीत पुरायची नसते, बाहेर उघडी हवी, आणि लाइन बाहेर काढायची तर अजून टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या. तेवढं धाडस उरलं नव्हतं. प्लॅस्टिकचा पाइप चिकटवून नवा कॉक पुन्हा भिंतीतच बसवला. निळ्या भिंतीत आठ पांढऱ्या टाइल्स लागल्या.

संध्याकाळी दादानं मला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. सांगलीच्या गाडीला वेळ होता. आम्ही चहा घेतला. मी म्हणालो, “दादा, मगाशी मी...”

“ऱ्हाऊ दे रं.”

“तू व्हय का म्हटलास?”

तो बशीत चहा ओतत म्हणाला, “माज्यावर पेटली तर चार दिसानं इझंल ती. तुज्यावर पेटली तर कुणाला सांगनार न्हाई, आतल्या आत झुरंल. तुला तिनं पोरागत सांभाळलंय.” मग म्हणाला, “कवा तरी तूच सांग तिला. घाई न्हाई.”

घाई नाही, एवढंच मी मनावर घेतलं. दोन वर्षांनी दादा अचानक गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याच्या माघारी त्या आठ टाइल्स मोठ्या होत गेल्या. दादा होता तेव्हा वैनी त्यावरून त्याला टोमणे मारायच्या आणि तो हसायचा. ती एक घरातली गंमत होती. तो गेल्यावर टोमणा ऐकणारं माणूस राहिलं नाही. वर्षश्राद्धाला जेवणं चालली असताना वैनी माझ्या बायकोला सांगत होत्या, “वाईट न्हवते हे. पन मला काय आवडतं ह्याचं त्यांना कवा काय वाटलं न्हाई. त्या टाइल्सच बगा की.” मी समोर बसून जेवत होतो. बायकोला खरं माहीत नव्हतं, ती मान हलवत होती. मी ताटातला भात चिवडत राहिलो आणि मग दुसऱ्यांदा आमटी मागितली. गप्प बसलेल्या माणसाला भूकही लागते, हे मला त्या दिवशी समजलं.

खरं सांगितलं तर वैनी मला काय म्हणतील, ही भीती होतीच. पण दरवर्षी दुसरी एक गोष्ट स्पष्ट होत गेली. त्यांच्याकडं नवऱ्याच्या ज्या आठवणी उरल्या होत्या त्यांतली एक मी बिघडवून ठेवली होती, आणि त्या ती तशीच खरी धरून जगत होत्या.

यंदा फेब्रुवारीत, दादाला जाऊन तीन वर्षं झाल्यावर, त्यांचा फोन आला. “भावजी, स्वयंपाकघरात पानी करंगळीएवढं येतंय. कॉक फिरत बी न्हाई.” मुलगी लग्न होऊन कराडला, वैनी आता त्या घरात एकट्याच असतात, गुडघे दुखतात, आणि बाथरूममधून बादलीनं पाणी स्वयंपाकघरात नेत होत्या. मी दुसऱ्याच दिवशी रजा काढून गेलो. या वेळी सांगलीच्या दुकानात बसून दोन युनियन घेतल्या, प्लॅस्टिकच्या, हातानं आवळता येणाऱ्या. दोन्ही उघडून पाहिल्या, रबराची रिंग आहे का पाहिलं, जोडी पाहिली. दुकानदार म्हणाला, “मामा, सोनं घेताय का काय?”

भिंतीला हातच लावला नाही. टाकीतून नवी लाइन घराच्या बाहेरून, मागच्या बाजूनं खाली आणली, उभ्यानं हात पोचेल अशा उंचीवर कॉक बसवला, त्याच्या दोन्ही बाजूंना युनियन, आणि तिथून स्वयंपाकघरात. वैनी पायरीवर बसून मला एकेक वस्तू देत होत्या.

“ही काय, टेप?”

“ती न्हाई, त्यो चिकटवायचा डबा द्या.”

“नीट नावं सांगत जावा की. मी काय आयटीआय केलंय?”

“दोन वर्षं माजं पुस्तक तुमीच दप्तरात भरत हुता.”

“भरत हुते, वाचत न्हवते.”

चिकटवलेलं वाळल्यावर मी पाणी सोडलं. गळलं नाही. मग वरचा पुरवठा बंद करून त्यांना म्हटलं, “आता तुमी उगडा.”

“मी? मोडलं तर?”

“मोडत न्हाई. हा नट डावीकडं फिरवा.”

त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी नट धरला. तो फिरला. मग दुसरा. पाइपात राहिलेलं थोडं पाणी त्यांच्या पायावर सांडलं आणि कॉक सबंध त्यांच्या हातात आला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, पुन्हा जागेवर ठेवला, रिंग बसवली, नट आवळले. मी पाणी सोडलं. एक थेंब नाही.

“झालं?” त्या हसल्या. “फिटरीनच झाले की मी. घ्या कुपवाडला कामाला.” आणि मग हसू जाऊन तिथंच हात ठेवून उभ्या राहिल्या. “एवढंच असतंय व्हय हे? एवढ्याशा जागेत? मग ह्यांनी नको का म्हटलं असंल हो?”

मी म्हणालो, “दादानं नको म्हटलं न्हवतं, वैनी.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी थांबलो असतो तर पुन्हा वर्षं गेली असती. मी एका दमात सगळं सांगितलं. पेटीतली सुटी अर्धुकं, पाझर, गवंड्याचा सुकणारा माल, दादा ‘भाईर ठेव’ म्हणाला होता ते, आणि छिन्नी धरून खाली बघत मी जे बोललो ते. सांगताना माझ्या हाताला लागलेला पाइपाचा चिकट रस मी पँटला पुसत होतो. तो निघत नव्हता.

वैनी पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, “मी त्यांना काय काय बोलले, भावजी. त्यांच्या माघारी बी.”

“माज्यामुळं.”

“तुमच्यामुळंच.” आवाज चढला नव्हता. “मी रोज आंगोळ करताना त्या भिंतीकडं बगून बोलायचे त्यांना. तीन वर्षं.”

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली नाही, म्हणजे तिकडं लक्षच दिलं नाही. त्या दुसराच काही विचार करत होत्या.

“तवा हे दारात हुते ना? बादली घेऊन?”

“हुता.”

“आन तुमी खोटं बोलताना त्यांनी काय केलं?”

“मी बगितलं न्हाई. माझी मान खाली हुती. पन लगेच न्हाई बोलला. जरा थांबला.”

“थांबले,” त्या म्हणाल्या. “भाजीत मीठ सोता जास्त घातलं तरी कवा ‘मी घातलं’ म्हणायचे न्हाईत. मिशी फुगवून बसायचे. त्यांनी ‘व्हय, मीच’ म्हटलं...”

मग मी स्टँडवरचं सांगितलं. हे सांगायला मला सगळ्यात जड गेलं, कारण ते माझ्याजवळ दादाचं असं शेवटचं काही होतं आणि ते माझं नव्हतंच. मी म्हणालो, “दादा म्हणाला, माझ्यावर रागावली तर चार दिवसांत शांत होईल...”

“असं न्हाई म्हणायचे हे,” वैनींनी मला अडवलं. “रागावली न्हाई म्हणायचे. नीट आठवा.”

मी आठवलं. “पेटली. माज्यावर पेटली तर चार दिसानं इझंल ती.”

“हां.” त्यांनी डोळे मिटले. “आता बोला पुढं.”

मी पुढं बोललो. त्या प्रत्येक वाक्य थांबवून विचारत होत्या, आणि मी सांगत होतो. चारची गाडी चुकली. साडेपाचचीही चुकली. मध्येच त्या उठून चहा करायला गेल्या. स्वयंपाकघरात नळ भरभरून वाहत असलेला मला बाहेर ऐकू येत होता. चहा देताना त्यांनी कप माझ्या हातात न देता बाजूला पायरीवर ठेवला. “तुमच्याशी मी भांडनार हाय, भावजी. हे मी सोडनार न्हाई. पन आज न्हाई.”

“भांडा.”

“भांडनारच. आज मला ह्यांचं ऐकायचंय.”

आठ दिवसांनी रविवारी फोन आला आणि त्या खरोखरच भांडल्या. पंधरा मिनिटं. मी काय केलं, किती वर्षं केलं, त्यांच्या हातचं खाऊन समोर बसून कसं गप्प राहिलो, वर आमटी मागून घेतली, सगळं. आमटीचंही त्यांच्या लक्षात होतं. बायको शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला मी आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं. मी मधे एक शब्द बोललो नाही. बोलून बोलून त्यांना धाप लागली. फोन ठेवतील असं वाटलं.

ठेवला नाही. जरा वेळानं म्हणाल्या, “स्टँडवर चहा घेतला म्हणालात.”

“व्हय.”

“त्यांची साखर वाढली हुती तवा. डाक्टरनं बंद सांगितली हुती, मी रोज बजावायचे. त्यांनी बिनसाखरेचा मागितला का?”

मी आठवून पाहिलं. टपरी आठवली, बशी आठवली, बशीवर वाकलेली त्याची मान आठवली. चहावाल्याला तो काय म्हणाला होता ते आठवेना. बिनसाखरेचा मागितला, असं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. तिकडून कुणी खोटं पकडणारही नव्हतं.

“आठवत न्हाई, वैनी,” मी म्हणालो.

“न्हाई आठवत?”

“न्हाई.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “आठवलं की सांगा.”